मिस्टर ग्राइसचे दात

४ मार्च १९७४, लीड्स
पोचलो एकदाचा! आजवर टीव्हीवर हवालदार, पाद्री आणि खानसामे केले. लोक रस्त्यात अडवून म्हणतात, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो. नाव मात्र कुणालाच आठवत नाही. आता मालिकेत कायमची भूमिका मिळाली आहे, खाटीक मिस्टर ग्राइसची. आधीचे नट नॉर्मन ब्लीसडेल हिवाळ्यात वारले, म्हणून ही जागा रिकामी झाली. घरमालकीणबाईंनी चहाबरोबर जाड लोणी लावलेला पाव दिला. खोलीतून नदी दिसते. लंडनला बायकोला, ईनिडला फोन केला, तर ती म्हणाली, आता तरी जरा मिरव की रे!

६ मार्च
मेकअपच्या मोइराबाईंनी पेल्यातून ग्राइसचे दात बाहेर काढले. आपल्या दातांवर चढवायची कवळी आहे ती. पिवळट, कडेला काळी, पुढचा एक दात तुटका. नॉर्मनचीच. तिला शिळ्या चरबीचा वास येत होता. माझं तोंड वाकडं झालेलं पाहून बाई म्हणाल्या, "नाक काय मुरडताय, राजा? नवरीचे ओठ नाहीत ते, पगाराचे दात आहेत!" सगळे हसले, मीही हसलो. कवळी माझ्याच मापाची असल्यासारखी चपखल बसली. पहिल्याच दृश्याला टाळ्या पडल्या.

१२ मार्च
कवळीच्या फटीत मांसाचा तंतू सापडला. करडा, बुळबुळीत. मी तर आठवडाभर सूप आणि पावावर आहे. मोइराबाई शपथेवर सांगतात की त्या स्वतः सोड्यानं घासून ठेवतात. दिवसभर जिभेवर तुपकट थर जाणवत होता. दोनदा ओकलो.

१८ मार्च
कवळी काढताना माझी खालची दाढ तिच्याबरोबर निघून आली. रक्त आलं नाही, दुखलंही नाही. हिरडी भिजल्या पावासारखी मऊ झाली आहे. दिग्दर्शक मात्र खूश. म्हणाले, ग्राइस तुमच्या अंगात भिनलाय.

२३ मार्च
ईनिड आली. जवळ घेतलं, तशी ती झटक्यानं मागं सरली आणि मोरीकडं धावली. फरशीखाली उंदीर मेल्यासारखा वास येतोय म्हणाली. रडत रडत सांगत होती, सोड ही नोकरी, पुन्हा खानसामे कर, मला चालेल. मी नाही म्हणालो. आवाज ग्राइसचा निघाला. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

२५ मार्च
कवळी निघेना, म्हणून दंतवैद्याकडं गेलो. त्यानं रुमाल नाकाला लावून तपासलं. म्हणाला, कवळी कसली? हे तुमचेच दात आहेत, मुळं घट्ट आहेत.
तिथून मोइराबाईंना गाठलं. नॉर्मन कसे गेले ते विचारलं. त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, नॉर्मननं चिमटा लावून दात उपटायचा प्रयत्न केला होता. दात आले नाहीत, जबडा आला. आणि ते दात नॉर्मनचे नव्हतेच. त्यांच्याही आधीचे —

२८ मार्च
सेटवरच्या दुकानात वजडी, जनावराची आतडी, टांगलेली. दिव्यांखाली सोमवारपासून. हिरवी पडलेली, माश्या बसलेल्या. चित्रीकरण थांबल्यावरही मी तिथंच उभा होतो, तोंडात तिचा लचका. थुंकायला हवं होतं — थुंकलो नाही. गिळलं. आणि अजून —

२९ मार्च
बोलत नाही मी. तोंड बोलतं. गिऱ्हाइकांना हाका मारतं. आरशात पाहवत नाही. जिभेवर माश्या —

३० मार्च
ईनिड खाली आली आहे. घरमालकीणबाईंना सांगतेय, त्याला घरी न्यायला आलेय, तो कसाही असला तरी. पावलं जिन्यावर.
ओरडायला हवं. परत जा म्हणून. तोंड उघडलं, तर लाळ गळतेय, आणि ते गोड आवाजात म्हणालं, ये ना राणी, दार उघडंच आहे —
हात माझा आहे अजून. लिहितोय. ईनिड, आत येऊ न —