मात्रा कुठं गेली?

अप्पा, तुमचं हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं. मूत्रपिंडं गेली, डोळे गेले, वाचा गेली, आणि ते मात्र आत ठोके देतच राहिलं. डॉक्टरसुद्धा म्हणाले, या वयात असं हृदय बघायला मिळत नाही. मी पलंगाशी उभी होते आणि मनात म्हटलं, चला, घराण्याचा दोष निदान यांना तरी चुकला. काय भोळी होते मी! तुम्हाला जाऊन आता पंधरा-सोळा वर्षं झाली. हे देवनागरीत लिहितेय, कारण ती वाचणारे या घरात माझ्याखेरीज तुम्ही एकटेच होतात. म्हणजे आता हे कुणी वाचण्याची भीती नाही.

दक्षिण राजवीथीवरचं आपलं मेडिकल मला अजून वासासकट आठवतं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तुम्ही मला काउंटरच्या आत स्टुलावर बसवायचात आणि औषधांची रिकामी खोकी उलगडून त्यांच्या पाठीवर मराठी अक्षरं गिरवून घ्यायचात. शाळेत तमिळ, मोठेपणी इंग्रजी, आणि खोक्यांवर मराठी. धाकट्या भावानं, तुमच्या लाडक्यानं, दोन दिवसांत पळ काढला, मी सापडले. ‘वेळ’चं ‘वळ’ लिहिलं की पट्टी बोटांवर बसायची आणि तुम्ही ओरडायचात, "मात्रा कुठं गेली?" बाहेरची गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडायची. तमिळमध्ये मात्तिरै म्हणजे औषधाची गोळी, त्यामुळे त्यांना वाटायचं, दुकानातली गोळी हरवली म्हणून पोरीला मार पडतोय. एकदा एक म्हातारा चक्क वाकून जमिनीवर शोधायला लागला. तुम्ही पोट धरून हसलात, आणि बोटं चोळत मीही हसले. आपल्या घरात तरी वेगळं काय होतं? डोकेदुखीची, तापाची, रक्तदाबाची, सगळ्या मात्तिरैच. ‘गोळी’ हा शब्द तुम्ही फक्त मला मराठी शिकवताना काढायचात.

आता धाकट्याच्या दिवसाकडे येते. तुम्हाला आवडणार नाही, पण तुम्हाला आवडेल ते बोलण्यात माझी अर्धी जिंदगी गेली आहे. तो बावीस वर्षांचा, बंगळूरला शिकणारा, सुट्टीला घरी आलेला. मित्राच्या लग्नाला ओरत्तनाडला जाऊन सकाळी परत येतो. मी स्वयंपाकघरात नारळ खवतेय. तो ओट्याला टेकून उभा राहतो, शर्ट घामानं भिजलेला, काही खात नसताना जबडा सारखा चावल्यासारखा हलतोय. आई विचारते, बरं नाही का रे? तो म्हणतो, "मात्तिरै घेतलीय आई, छाती थोडी धडधडतेय, होईल बरं." आईला वाटलं, डोकेदुखीची. वर तिनं त्याला कडक कॉफी करून दिली. अप्पा, त्या पोरानं खरं तेच सांगितलं होतं. आपल्याच घरच्या शब्दात सांगितलं, आणि तो शब्द असा की त्यात काहीही मावतं. जेवणाआधी तो न्हाणीच्या दारात कोसळला. इस्पितळात नेला तेव्हा जिवंत होता. मला बाहेर बसवलंत, आत तुम्ही आणि आई. संध्याकाळी तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "आपल्या घराण्याचं काळीजच नाजूक." एवढंच बोललात, मग बूट शोधायला लागलात.

ते वाक्य काय चाललं म्हणून सांगू! पापनाशमच्या आत्यानं त्याला पार इथल्या मराठा राजांच्या काळापर्यंत नेऊन भिडवलं. म्हणे, कुणी पणजोबाही असेच दरबारात बसल्या जागी गेले होते. मला तिरुच्चीच्या कॉलेजात नोकरी लागली होती. रोजची आगगाडी हिच्या काळजाला सोसणार नाही, असं सांगून तुम्ही ती सोडायला लावलीत. दोन चांगली स्थळं होकार देऊन फिरली, आणि तुम्ही त्यांना दोषही दिला नाहीत; खाली मान घालून बसलात, केवढे सोशीक दिसलात! शेवटी ज्यांच्या घरी आधीच दोघं हृदयरोगी होते त्यांनी मला करून घेतलं. दर वर्षी छातीला तो गार चिकट लेप लावून मी ईसीजी काढून घेते, दर वर्षी तो चांगला निघतो, आणि दर वर्षी मी मनात म्हणते, या खेपेला वाचले. पंचवीस वर्षं मी स्वतःच्याच काळजाला भिऊन राहिले. जिना चढताना भ्यायले, बाळंतपणात भ्यायले, तुमच्या चितेजवळसुद्धा मोठ्यानं रडायला भ्यायले. जिवंत होतात तोवर तुम्ही हे सगळं बघत होतात. दर वर्षी रिपोर्ट हातात घेऊन, चष्मा पुसून, "छान आहे" म्हणत होतात.

आता तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा ती नुकतीच शाळेत जायला लागली होती. आता चेन्नईत नोकरीला लागलीय. मराठी तिला कळते, बोलते मोडकी, वाचता तर येतच नाही. पोंगलला आली तेव्हा अधूनमधून छातीवर हात धरायची. मी विचारलं की म्हणायची, "आपल्या फॅमिलीचं हार्ट असंच ना, अम्मा." आणि मी मान डोलवली. नारळ फोडला, तिची कॉफी बंद केली, मीठ कमी केलं. गेल्या आठवड्यात पुन्हा सुट्टीवर असताना ती मैत्रिणीच्या घरून आली आणि तिण्णैवर, बाहेरच्या कट्ट्यावरच बसून राहिली. ओठ निळसर, अंग भट्टीसारखं. मी म्हटलं, काही घेतलंस का? ती म्हणाली, "मात्तिरै घेतली, अम्मा." मी तिला पाणी दिलं. तोच शब्द, अप्पा, आणि मी पुन्हा तशीच उभी, आता आईच्या जागी.

इस्पितळातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं तमिळमध्ये सरळ विचारलं, हिनं काही नशेचं घेतलंय का? माझ्या तोंडून उत्तर आपसूक निघालं की आमच्या घराण्याचं काळीज नाजूक आहे, माझा भाऊही असाच गेला. पलंगावरून पोरीनं लगेच होकाराची मान हलवली. डॉक्टर ते लिहूनही घ्यायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यात खुर्चीवर बसवलेली आई, ऐंशीची, जिला आम्ही हल्ली काही विचारतच नाही, ती मराठीत म्हणाली, "तेव्हाही हेच विचारलं होतं. तुझ्या अप्पांनी नाही सांगितलं."

मग तिनं खुर्चीतूनच सगळं सांगून टाकलं. नर्सनं धाकट्याचे कपडे तुमच्या हातात दिले. शर्टाच्या खिशात एक उरलेली गोळी होती, गुलाबी, वर हसरा चेहरा उमटवलेला. जगातली प्रत्येक गोळी रंगावरून ओळखणारे तुम्ही; ही कुठल्याच कंपनीची नाही हे तुम्हाला एका नजरेत कळलं. डॉक्टर विचारत होता, आणि ती मुठीत धरून तुम्ही म्हणालात, छे, आमचा मुलगा तसला नाही. मग कोपऱ्यातल्या बेसिनशी जाऊन हात धुतलेत, बराच वेळ धुतलेत.

मात्रा कुठं गेली, अप्पा?

आईचं ऐकून पोरगी रडायला लागली आणि तिनं सगळं ओकलं. दोन महिन्यांपासून, शनिवारी-रविवारी, सगळेच घेतात म्हणे. डॉक्टर तिच्यावर ओरडली नाही. तिनं उपचार बदलले आणि नंतर मला समजावलं की असल्या गोळ्यांना घराणं लागत नाही. चांगल्या तरुण हृदयाच्या नसासुद्धा त्या आवळून टाकतात, ठोक्यांचा ताल बिघडवतात, घेत राहिलं तर स्नायू ढिला पडत जातो. हिचा पडायला लागलाय. सोडलं तर भरून येईल, बहुतेक. मी तिला भावाबद्दल विचारलं. तेव्हा कळलं असतं तर? ती म्हणाली, वाचला असता असं मी सांगू शकत नाही, पण त्यांनी वेगळ्या गोष्टीवर इलाज केला असता. इतक्या सभ्यपणे तिनं ते सांगितलं की मला तिथंच तुमच्या नावानं शिव्या द्याव्याशा वाटल्या. तुम्ही मेलेल्या मुलाची अब्रू राखली नाहीत. तो तेव्हा जिवंत होता.

काल आत्याचा पापनाशमहून फोन आला. म्हणाली, काळीज ना गं? मी म्हटलं, नाही, नशेची गोळी. ‘गोळी’च म्हटलं, मात्तिरै नाही म्हटलं. पोरीनं ते ऐकलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिच्या मते मी तिचं नाव घालवलं. असेल. नाव गेलं तरी ती घरात आहे, आतल्या खोलीत दार लावून मोबाईल बघतेय.

दुकान विकलं तेव्हा मी तुमची ती पट्टी ठेवून घेतली होती. आज ती मोडून टाकायला काढली आणि परत फळीवर ठेवली. आणि एक सांगायचं राहिलं. पोरीला घरी आणलं त्याच दिवशी मी इस्पितळातच माझाही ईसीजी काढून घेतला. मशीनमधून कागद येत होता आणि मी डोळे मिटून मनात घोकत होते की काहीतरी निघू दे, एखादा तरी बारीक दोष निघू दे, म्हणजे तुम्ही खोटे ठरणार नाही.

निघाला नाही.