ओठ मिटून

४ नोव्हेंबर
लागली एकदाची खोली! नणंदेच्याच इमारतीत, तिच्या एक मजला वर. दोन मोठ्या खिडक्या, स्वच्छ ओटा, आणि खालीच शिंप्याचं दुकान, तिथे मला काज-बटणांचं काम. हे गेल्यापासून आज पहिल्यांदाच सामान लावताना गुणगुणले.
अक्षरं मी पुड्यांच्या कागदांवरून एकटीच शिकले, त्यामुळे वाचणं असो की लिहिणं, तोंडाने मोठ्याने बोलल्याशिवाय होत नाही. हे हसायचे. म्हणायचे, तुझी रोजनिशी चोरायची गरज नाही, दाराबाहेर उभं राहिलं की झालं.

७ नोव्हेंबर
कामावरून आले की चहा टाकते. दोन कप. एक समोरच्या खुर्चीपुढे. मग दिवसभराचं यांना सांगते. आज शिंपी टेप सापडत नाही म्हणून सगळ्यांवर ओरडला, आणि टेप त्याच्याच गळ्यात! बरं वाटतं सांगून. कुणाचं काय जातं?

१२ नोव्हेंबर
नणंद साखर मागायला आली आणि दोन कप बघून दारातच थांबली. म्हणाली, "वहिनी, दादा होता तेव्हा त्याच्याशी एवढं बोलली असतीस, तर तो वेळेवर घरी आला असता!" दोघी हसलो. मग तिने विचारलं, रोज चहाला बोलावते, एकदाही का येत नाहीस? मी म्हटलं, हे वाट बघत असतात.
बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. तिने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.
खरं आहे तिचं. दुःख आहे, ते राहू दे. पण मी त्याला खुर्ची दिली, कप दिला, आणि जित्या माणसांना बसायला जागाच ठेवली नाही.

१३ नोव्हेंबर
यांचा कप धुऊन वरच्या फळीवर ठेवला. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. चहा नणंदेकडे प्यायले. पाणचट करते, पण गप्पा छान झाल्या.

१६ नोव्हेंबर
नणंदेकडून परत आले, कुलपाला किल्ली लावली, तर आत कुणीतरी बोलत होतं. यांचा आवाज! "टेप सापडत नाही म्हणून ओरडला, आणि टेप त्याच्याच गळ्यात!" दार उघडलं. सगळं शांत. खुर्ची मात्र टेबलाकडे वळलेली.
आनंदाने रडले. मग मनात आलं, मी खुर्चीला सांगितलं तेवढंच तो आवाज बोलत होता. माझ्याच शब्दांत.
पारख करायची. दवाखान्यातलं यांचं शेवटचं वाक्य फक्त मी ऐकलं. आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, खुर्चीलाही नाही. "चष्मा पूस जरा. तू धुरकट दिसतेयस." उद्या तेच विचारते.

१७ नोव्हेंबर
विचारलं. उत्तर आलं. जसंच्या तसं!
हेच आहेत. कप खाली काढला. नणंदेला कळवलं, चहाला येत नाही.

२० नोव्हेंबर
कामावर गेले नाही. दिवसभर बोललो. म्हणजे मीच बोलले. संध्याकाळी ते म्हणाले, "तू धुरकट दिसतेयस. जवळ ये."
जवळ ये, असं हे म्हणाले नव्हते.

२१ नोव्हेंबर
नणंद दार ठोठावून गेली. बाहेरूनच रागावली, की काल काय एवढं लिहीत होतीस, जिन्यात शब्द न् शब्द ऐकू येत होता.
शब्द न् शब्द.
ते वाक्य मी सोळा तारखेला इथे लिहिलं. लिहिताना बोलले. खुर्ची समोरच होती.
हे नाहीत. कधीच नव्हते. मीच शिकवलं त्याला, रोज, चहा पाजून —

संध्याकाळ
कप फोडला. पिशवी भरली. नणंद न्यायला येतेय. तोवर ओठ मिटून लिहून बघते — जन्मात पहिल्यांदा — जमतंय. आता त्याला काहीच मिळणार —
आवाज येतोय. पाठीमागून. मी लिहिते तेच —
नाही. मी लिहिण्याआधी. तो बोलतो, मग माझा हात —
पिशवी खाली ठेव. नणंदेला सांग, मी येत नाही. खुर्ची जवळ ओढ आणि