सात नंबरचा प्लॉट

ती. अक्काच्या चरणी तिसगावहून धाकट्या गोरक्षचा दंडवत.

दाजींचा गुडघा कसा आहे? घोडेगावच्या बाजारातून आणलेली म्हैस दूध देते, की अजून नुसती बघतच बसते? (हे केशर विचारते आहे, मी नव्हे.) इकडे सगळे खुशाल. फक्त मी गेल्या बाजारापासून तोंडात बोट घालून हिंडतो आहे.

बाबांमागे हे घर आणि भोवतीचं एवढं थोरलं आवार तुझ्या-माझ्या नावावर आलं. त्यात आपण आजवर काय केलं? गोवऱ्या थापल्या, शेवया वाळवल्या. नगरचे प्लॉट पाडणारे काकासाहेब जीपमधून उतरले, दारच्या चिंचेखाली उभे राहिले आणि त्यांना तिथं अख्खी कॉलनी दिसली! डांबरी रस्ता, नळ, दवाखाना, पोरांना घसरगुंडी. मी इथंच जन्मलो, पण मला कधी घसरगुंडी दिसली नाही. काय ती नजर, अक्का! मी तिथल्या तिथं घर-आवार द्यायला कबूल झालो.

मग त्यांच्या माणसांनी खुंट्या ठोकून चुन्याची फक्की मारली. (घराखालची जागा तेवढी राहिली.) पांढऱ्या रेघेत एवढी ताकद असते हे मला ठाऊक नव्हतं. शेजारची छबूबाई जन्मभर आपल्या आवारातून तिरपी विहिरीवर जाते. ती हंडा घेऊन रेघेपाशी थबकली, "रस्ता तिकडनं हाय न्हवं?" म्हणाली आणि वळसा घालून गेली. केशर एका चौकोनाबाहेर वहाणा काढून आत शिरली; म्हणे, "कुनाचं तरी सैपाकघर आसंल." शेळी मात्र खुशाल दवाखान्यात बसते, आणि तिला उठवायला मीही डांबरी रस्त्यानंच जातो.

एवढ्या देखण्या कॉलनीत आपण नसावं, हे मनाला पटेना. काकासाहेबांना म्हटलं, एक प्लॉट मलाच ठेवा; सकाळचं ऊन, चिंचेची सावली आणि विहीर जवळ, असा. त्यांनी निळ्या नकाशावर बोट टेकवलं. सात नंबर! मी गावात पेढे वाटले. (नकाशात आपलं घर काढलेलंच नव्हतं, मला कसं कळावं?)

काल त्यांचा माणूस सात नंबर आखायला आला. फक्कीचं घमेलं घेऊन तो ओसरीवर चढला, माजघरातून गेला, भाकरी थापणाऱ्या केशरला वळसा घालून परसदारी निघाला. चूल सात नंबरात आली. बाबांचा देव्हारा आठ नंबरात गेला, आणि आठ नंबर कुणा डॉक्टरांनी घेतलाय. केशर रेघेकडे बघत राहिली. "आवं, ह्ये आपलंच घर हाय की! पाडायचं, आन् परत हितंच ऱ्हायला यायचं व्हय?"

असो. खरेदीखताला तुझीही सही लागते, तरी सोमवारी पाथर्डीला यावे.

तुझा,
गोरक्ष

ता. क. दाजींना आणू नकोस. जीपचे हादरे गुडघ्याला सोसायचे नाहीत.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे तूही येऊ नकोस. "सही देणार नाही, काय करायचं ते करा" असं खरमरीत लिहून पाठव. काकासाहेबांपुढे माझी जीभ उचलत नाही, आणि तू लहानपणापासून हट्टी हे गावाला माहीत आहे. मी चारचौघांत तुला नावं ठेवीन, ते मनावर घेऊ नकोस.

ता. क. तिसरा. आज सकाळी पूजेला निघालो आणि रेघेपाशी थबकलो. अक्का, बाबांच्या देव्हाऱ्याशी जाताना माझ्या तोंडून "येऊ का आत?" निघून गेलं. पत्र लगेच टाक.