तोंड बांधून झोपणारं गाव

२ मार्च
आलो बाबा एकदाचा! इलोइलोच्या मासळीबाजारात उभा जन्म लोकांच्या कानाला लागण्यात गेला. आता स्वतःचा कालवांचा मळा, आणि मळ्याच्या मधोमध, पाण्यात बांबूंवर उभं घर. आमच्या लिलावात भाव ओरडत नाहीत, दलालाच्या कानात कुजबुजतात. शेजाऱ्याची कुजबुज टिपतील असे कान देवाने दिले, म्हणून टोपल्या वाहणारा ओनोर आज मालक झाला. बायकोला फोन केला, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आत ये म्हटलं. फेली म्हणाली, तुझ्या घोरण्याशिवाय झोप किती छान लागते हे आत्ता कुठे कळतंय, घाई कशाला?

५ मार्च
शेजारचा मळा इसिद्राचा. वयाने मोठी, म्हणून मी मानांग म्हणतो. तिने परीक्षा घेतली. कालवं एकमेकांवर आपटायची नि ऐकायचं. भरलेलं दगडासारखं वाजतं, पोकळ असेल तर रिकाम्या करवंटीसारखं. बाहेरून दोन्ही सारखीच, घट्ट मिटलेली. मी पाठ फिरवून ऐकलं, एकदाही चुकलो नाही. मानांग म्हणाली, "कान आहेत की जाळी?"
मग तिने पोकळ कालव सुरीने उघडलं. मांस नाही. शिंपल्याला चिकटलेला एक करडा किडा, कागदाहून पातळ. इथे त्याला जीभ म्हणतात. मत्स्यखात्याच्या कोणी बाई येऊन गेल्या होत्या. हा समुद्रातला चपटकृमी, याच्या प्रजातीवर पुस्तकात अर्धं पानसुद्धा नाही, एवढं सांगून कॉफी पिऊन गेल्या. कालवाने श्वासापुरती फट केली की हा आत सरकतो. आधी बधिर करतो, म्हणून कालवाला पत्ता लागत नाही. ते बिचारं पुन्हा मिटतं. हा आत निवांत जेवतो.

८ मार्च
पाण्यावरच्या घरांत सगळे तोंडाला रुमाल बांधून झोपतात. मानांगने मलाही एक आणून दिला. मी म्हटलं, या तोंडावर तर पोट भरलं, ते बांधलं तर उपाशी मरेन. ती हसली नाही. "नको तर नको," म्हणाली. "आमचे हेही असंच म्हणाले होते."
तिचा नवरा तेओपिस्तो दिवसभर ओसरीवर बसलेला असतो. बोलत नाही. होडी गेली की हात हलवतो. रोज सकाळी ती त्याच्या छातीवर बोटाच्या पेराने टकटक करते, कान लावते, मग भाताची थाळी पुढे ठेवते. नवरा-बायकोची थट्टा असेल म्हटलं.

१२ मार्च
आज पाणी अगदी शांत होतं. टकटक माझ्या खिडकीपर्यंत आली.
मला त्यातलं कळतं. आवाज पोकळ होता.
मानांगने वळून पाहिलं. मी ऐकलंय हे तिने ओळखलं. नंतर जाळं विणताना आपणहून बोलली. रोज वाजवून बघते, एखाद्या दिवशी भरलेला आवाज येईल म्हणून. लोक म्हणतात, पुरून टाक. "बसतो, हात हलवतो, अशा माणसाला पुरायचं कसं, ओनोर?"
थाळीतला भात तिने माशांना टाकला.

१६ मार्च
दुपारी उकाड्याने डोळा लागला. उठलो तर दाढ काढल्यावर होतात तसे ओठ जड. जमिनीच्या बांबूंच्या फटीतून चटईवर आणि चटईवरून उशीपर्यंत चकचकीत पट्टा वाळलेला.
गोगलगाय असेल.
कॉफीने जीभ भाजली ते फोड दिसल्यावर कळलं.

१९ मार्च
बोटंही बधिर झाली. गावातल्या डॉक्टरांनी टाचणी टोचली, मी त्यांच्याकडे बघत बसलो. नसांचा अशक्तपणा म्हणाले, गोळ्या दिल्या.
भूक नाही. पोट भरलेलं वाटतं.
मला भीती वाटायला हवी.

२२ मार्च
छातीवर वाजवून पाहिलं.
माझे कान कधी खोटं बोललेले नाहीत.
फेलीला येऊ नको म्हणायला हवं. फोन हातात धरून बसलो. तिचं नाव काढलं की बरगड्यांखाली काहीतरी हलायचं. तिथे शोधलं. काही नाही—

२५ मार्च
मानांग तिच्या ओसरीवरून ओरडत होती. थांबव बायकोला, तोंडातून शब्द निघतोय तोवर थांबव, गाढवा!
येऊ नकोस, असं लिहायला घेतलं. अंगठ्याने लिहिलं— लवकर ये.
पाठवलंही त्यानेच.

२७ मार्च
फेली आली. माझ्यासाठी तांदळाचा केक आणलाय. वाळलास म्हणाली. मग हसली. "काय रे, कोणाचा भाव गिळून बसलास? एवढा गप्प तर लग्नातसुद्धा नव्हतास!"
मी हसलो. ओठ मिटून.
मानांगने तिला रुमाल दिला. बांध म्हणाली, विचारू नकोस, बांध. फेलीने तिचा मान राखून घेतला. हाताने तो चुलीत घातला. माझ्याच. मी बघत होतो—

२८ मार्च
दुपार. फेली चर्चमधून आली, दमली, झावळी उशाशी ठेवून झोपली. तोंड थोडं उघडं. श्वासापुरतं.
हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही. दातांवरून काहीतरी पातळ, ओलं— बाहेर—
वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. पण हात लिहितोय तोवर मी वहीपाशी आहे. तिच्यापाशी नाही. म्हणून लिहितोय. काहीही. फेली ऊठ. फेली ऊठ. चटई. चूल. पाणी. फेली ऊठ. दुसरा हात जमिनीवर टेकला— गुडघे सरकतायत— वही ओढत नेतोय, लिहितोय अजून— फेली ऊठ फेली ऊ