वाकड्या टाक्याचं कौतुक

ता. ६ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. पोस्टमनने दारात सही घेतली तेव्हा वाटलं, धाकट्या बहिणीने काहीतरी खायला पाठवलं असेल. उघडते तो काय, निळं कापड, पांढऱ्या दोऱ्याची लडी, दाभणाएवढी सुई आणि तळहातावर घालायचं कातडी अंगुस्तान! वर रंगीत कागद: ‘जपानी हातशिलाई घरबसल्या शिका. खास नवशिक्यांसाठी.’ नवशिक्यांसाठी! चाळीस वर्षं मी टेलरच्या दुकानात हातशिलाई केली. कोटांना अस्तरं लावली, काजं केली, रफू असा केला की भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडू नये. आणि तू मला आखलेल्या रेघांवरून टाके घालायला सांगतेस? उद्या माशाला पोहायला शिकवशील.

आता त्या रेघांचंच ऐक. मी कापड रीतीप्रमाणे आधी भिजत घातलं. कोरं कापड पाण्यातून काढून आटवून घेतल्याशिवाय त्याला सुई लावायची नाही, हे मला दुकानात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि पुढे मी डझनभर मुलींना शिकवलं. तासाभराने बादलीतून काढते तर नक्षी गायब! एक रेघ शिल्लक नाही, हातात नुसतं निळं फडकं. असला कच्च्या रंगाचा माल विकताना या लोकांना लाज कशी वाटत नाही? कंपनीचा पत्ता कळव. चांगली हजामत करते त्यांची.

दुकान सोडल्यापासून माझा वेळ जात नसेल म्हणून हे पाठवलंस, एवढं न कळण्याइतकी मी खुळी नाही. माझा वेळ छान जातो. मालकाच्या सुनेशी पटेना, मी सोडलं, विषय संपला. आणि फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

कळावे. लोभ आहेच, आज जरा आवरून धरला आहे.

तुझी
ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ग्रंथालयात पुस्तकं लावता लावता वाचलं आणि इतकी हसले की वाचकांनी वर मान करून पाहिलं. अगं, त्या रेघा जाण्यासाठीच असतात! आधी रेघांवरून टाके घालायचे, मग कापड धुवायचं. रेघा जातात, टाके राहतात. कागदावर दुसऱ्याच ओळीत ठळक छापलंय, पण तू कागद वाचशील तर ना. आमच्याकडे वाचनाच्या खोलीत दर शनिवारी हा वर्ग भरतो. बावीस जणी आहोत, पैकी एकीनेही कापड आधी भिजवलं नाही. ही चूक करायला चाळीस वर्षांचा अनुभव लागतो.

राग मात्र मलाही आलाय, आणि तो तुझ्या मालकाच्या त्या सुनेचा. ‘पटेना’ म्हणजे काय ते मला कळतं. तूच जिला सुई धरायला शिकवलीस, ती तुलाच दुकानातून उठवते? गुरूची विद्या गुरूलाच! मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्या जणींनी मिळून तिचा चांगला उद्धार केला. आठ महिने झाले, पण मला ते अजून पचत नाही.

दुसरं किट पाठवते आहे. हे नवशिक्यांसाठी असो की कुणासाठी, मला तुझी गरज आहे. माझ्या कापडाला चुण्या पडतात आणि वळणावर टाके आवळले जातात. तू एक कापड करून पाठव, म्हणजे मला बघून शिकता येईल.

लोभ आवरून धरू नये, ही विनंती.

तुझी
चिंगी


ता. १९ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

दुसरं किट आलं तसं परत पाठवलं आहे. धुतलेलं कापड काय वाईट होतं? पट्टी आणि खडू घेऊन माझ्या रेघा मीच आखल्या, आणि बशी उपडी ठेवून एकमेकांत गुंतलेली वर्तुळं काढली.

तुझा तो कागदही वाचला, अगदी शब्दन् शब्द. एवढा गाजावाजा कशाचा? हा तर आपला साधा धावदोरा! पुढून टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मागून त्याहून लहान. सुई हलवायची नाही, कापड सुईवर चढवत न्यायचं. रेघा मिळतात तिथे टाक्यांनी एकमेकांवर चढायचं नाही, मध्ये जागा सोडायची. हे शेवटचं तेवढं शहाणपणाचं वाटलं. पण टाका असा उघड दाखवायचा? मी जन्मभर टाका लपवला. टाका दिसला की मालक कोट अंगावर फेकायचा.

तुझ्या चुण्यांचं कारण सांगते. तू दोरा ओढतेस आणि लगेच पुढे पळतेस. लहानपणापासून तुझं असंच. दर सुईला थांबायचं, अंगठ्याने कापड सारखं करायचं, वळणावर दोरा किंचित सैल सोडायचा.

कापड सोबत आहे. ते फक्त तुझ्यासाठी. वळणं कशी घेतली आहेत तेवढी बघ, बाकीचं बघत बसू नकोस. शिकून झालं की कपाटात ठेव. कुणाला दाखवायचं नाही.

कळावे. तब्येतीला जप.

तुझी
ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुन्हा कबूल करते. तुझं कापड मी वर्गात नेलं. पण पुढचं ऐकलंस तर रागावणार नाहीस.

शिकवणाऱ्या बाईंनी ते हातात घेऊन पुढूनमागून निरखलं. मग त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाल्या, की तुम्ही सगळ्या रेघेला चिकटून चालता, आणि या एका बाईने हात मोकळा सोडला आहे. टाके लहानमोठे, रेघ मध्येच डोलते. ज्याने आयुष्यभर बिनचूक काम केलं, तोच इतक्या धीटपणे मुद्दाम चुकू शकतो. चुकण्यातलं सौंदर्य की काय, असंही बरंच बोलल्या. मग त्यांनीच चौकट करून आणली आणि कापड ग्रंथालयाच्या दारासमोरच्या भिंतीवर लावलं. खाली चिठ्ठी आहे: ‘मुक्त हात’. लोक थांबून बघतात. एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र घेण्याआधी रोज त्याच्यासमोर उभे राहतात.

ताई, माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! त्या सुनेला एकदा इथे आणून उभं करायला हवं.

लोभ आता वाढायला हरकत नसावी.

तुझी
चिंगी


ता. ४ मार्च

चि. चिंगीस,
आशीर्वाद नंतर.

आधी ते भिंतीवरून काढ. पत्र पुरं वाचू नकोस, ऊठ आणि काढ.

मुक्त हात म्हणे! तुझ्या बाईंना सांग, वाकडा टाका वाकडाच असतो. त्याला चौकट केली म्हणून तो सरळ होत नाही. मुद्दाम चुकले? मी जन्मात एक टाका मुद्दाम चुकवलेला नाही. सहा दिवस, रोज चार-चार तास बसून, दातओठ खात मी ती वर्तुळं घातली. एकेक टाका सरळ जावा म्हणून जिवाचं पाणी केलं, आणि तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहून माना डोलावता?

माझा हात कापतो. झालं समाधान? सुई चिमटीत आली की अंगठा थरथरायला लागतो. पेन धरताना नाही, भाजी चिरताना नाही, फक्त सुई धरली की. डॉक्टर म्हणतात, एकच काम वर्षानुवर्षं केलं की काहींना असं होतं. औषध चालू आहे, गुण शून्य.

आणि त्या सुनेने मला उठवलं नाही. तीन महिने ती माझं काम संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेत होती. माझी तुरपाई उसवून पुन्हा घालायची आणि सकाळी गुपचूप जागेवर आणून ठेवायची. मला एका शब्दाने बोलली नाही. एकदा सहज एका पँटचा पाय उलटून पाहिला, तर टाके माझे नव्हते. मी तिच्याकडे बघितलं, ती खाली मान घालून बटणं निवडायला लागली. मी कात्री ठेवली आणि चालती झाले. इतका संताप झाला होता, चिंगी! कारण तिचे टाके चांगले होते. मीच शिकवलेले. तुमच्या वर्गात तिचा उद्धार करणं बंद करा.

तिने माझी चूक लपवली आणि तू ती भिंतीवर टांगलीस. पण ‘बाई, तुमचं हे चुकलंय’ असं मला तोंडावर कुणी सांगेल का? चाळीस वर्षं काम केलेल्या बाईचा तेवढा मान तरी ठेवा.

ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न., मनात नसताना.

काढलं. पत्र अर्धं टाकून उठले आणि सगळ्यांसमोर स्टुलावर चढून काढलं. बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, काम चुकलंय आणि करणारीला ते पसंत नाही.

आता माझं ऐक. आठ महिने तू मला खोटं सांगितलंस! माझा संसार मोडला तेव्हा मी सहा महिने तुझ्या खोलीत राहिले. तुझ्या पदरात तोंड लपवून रडले, तुझ्या हातचं खाल्लं, काही म्हणजे काही झाकून ठेवलं नाही. आणि तुला तुझा अंगठा मला दाखवता येत नाही? मी काय शेजारीण आहे? लाज सगळी धाकट्यांनीच सोडायची, असा नियम आहे का कुठे?

तोंडावर सांगायला हवंय ना? सांगते. ताई, ते चुकलंय. डावीकडचं तिसरं वर्तुळ रेघ सोडून बाहेर गेलं आहे. वरच्या ओळीत दोन ठिकाणी टाके एकमेकांवर चढले आहेत. मधला एक टाका दुप्पट लांब आहे. वळणं मात्र सगळी बरोबर आहेत, आणि त्यावरून मी शिकले. हे सगळं मला पाकीट उघडल्या दिवशीच दिसलं होतं. बाई कौतुक करत सुटल्या तेव्हा मी गप्प राहिले, कारण तुझं कौतुक मला ऐकायचं होतं. ती चूक माझी.

रजा टाकली आहे. पंधरा तारखेला येते, नाही म्हणालीस तरी.

लोभ असावा असं आज लिहीत नाही. असला तर त्याचा पुरावा दे.

तुझीच
चिंगी


ता. १२ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ. मागच्या पत्रातले राहिलेलेही यातच धर.

तिसरं नाही, चौथं वर्तुळ. मोजायलाही मीच शिकवायचं का? बाकी सगळं बरोबर सांगितलंस. ‘ताई, ते चुकलंय’ ही ओळ मी चार वेळा वाचली. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी कामाचं बोललं. मग थोडी रडले, ते असो.

काल दुकानात जाऊन सुनेला झाडलं. म्हटलं, मला सांगितलं का नाहीस, मी काय तुला खाल्लं असतं? ती म्हणाली, हो. मग ती रडायला लागली, मीही लागले, आणि मालक घाईघाईने चहाला निघून गेले. नव्या मुलींचं काम तपासायला येत जा म्हणते. बघू म्हटलंय. लगेच होकार दिला तर डोक्यावर बसेल.

तू ये. कापड आण आणि मी परत पाठवलेलं किटही आण. चौकट तिकडेच राहू दे. ती वर्तुळं मी उसवणार आहे. उसवताना माझा हात कापत नाही, कालच दुकानात एक तुरपाई उसवून बघितलं. मग रेघा पुन्हा आखीन, आणि त्यावर तू माझ्यासमोर बसून टाके घालायचेस. चुकलीस तर तिथेच बोलणार, आधीच सांगून ठेवते.

पुरावा मागितलास म्हणून लिहिते. माझ्या हातचं काम पुरं करायला मी आजवर कुणालाही दिलेलं नाही.

तुझी
ताई