वाढप्यांची पंगत

१४ फेब्रुवारी

आज आणखी दोघं. एकूण चार झाले.

शुभम सकाळी ऑफिसच्या दारात येऊन म्हणाला, "काका, माहे डोये पाहा बरं." डोळ्यात पांढरं काही उरलंच नव्हतं. "चार दिवसांपासून अंग दुखून राह्यलं. मले वाटलं अभ्यासानं." अभ्यासाचं ऐकून मागची पोरं हसली. तोही हसला, आणि मग भिंतीला धरून खाली बसला.

त्याला विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नेलं. डॉ. आकांक्षा मॅडमनी रक्त घेतलं. कावीळ आहे, कोणत्या प्रकारची ते उद्या कळेल म्हणाल्या. कोण कोणाच्या खोलीत राहतो ती यादी मागितली. बावीस वर्षं या वसतिगृहाच्या ऑफिसात बसतो, पण खोल्यांची यादी अशा कामासाठी कधी काढली नव्हती.

जमुनाला जाऊन आज एकोणचाळीस दिवस. दिवसभर धावपळ होती, त्यामुळे घरी आल्यावर कुलूप उघडतानाच आठवलं. काम मिळालं म्हणून बरं वाटतं, असं लिहायला नको. पण खरं आहे.

१५ फेब्रुवारी

कावीळ 'ए'. पाण्यातून किंवा अन्नातून होते. रेक्टर साहेबांनी लगेच मेस बंद केली. टाकीचं, कूलरचं, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासायला नेलं.

मेस माणिकबाईंच्या बचत गटाची आहे. सहा बाया. माणिकबाई दाराशी उभ्या राहून कुलूप लावताना पाहत होत्या. रेक्टर साहेबांना एवढंच म्हणाल्या, "साहेब, सकाळची कणीक भिजवेल हाय. थे तरी काढू द्या." काढू दिली. कणकेची परात डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या.

१७ फेब्रुवारी

सात झाले. मागच्या बाजूच्या पाच खोल्या रिकाम्या करून आजारी मुलांना तिथे ठेवलं. संडास वेगळा, ताटं वेगळी, दाराशी साबण, ब्लीचिंग पावडर. मॅडमनी मला हात कसे धुवायचे ते शिकवलं, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. जेवण बाहेरून येतं, ते मी नेऊन देतो. मऊ खिचडी, उकडलेला बटाटा, ताक.

कुलदीप धारणीकडचा. म्हणतो, "काका, सातही जण पिवये झालो. हयद त लागली, आता पोरी पाहा."

"गप रे. पोरगी पाह्यले येईन आन् रक्त तपासून वापस जाईन," शुभम.

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. जमुनाला रक्त लागायचं तेव्हा हीच पोरं दवाखान्यात रांग लावायची. तिला बरं वाटे तेव्हा ती त्यांच्यासाठी भाकरी आणि ठेचा पाठवायची. दोन-तीन वेळाच जमलं. पण पोरांनी ते लक्षात ठेवलं.

मॅडमना एक गोष्ट कळत नाही. मुलींच्या वसतिगृहाला डबे याच मेसमधून जातात, पण तिकडे एकही रुग्ण नाही.

१८ फेब्रुवारी

सातांतल्या कुंदनचं ठीक नाही. काल रात्रीपासून उलट्या थांबत नाहीत. हाक मारली तर उशिरा ओ देतो. मॅडम म्हणाल्या, यकृतावर जास्त परिणाम झालाय, इथे ठेवायचं नाही. त्याचे वडील अकोल्याहून गाडी घेऊन आले आणि तिकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. गाडीत बसवताना कुंदन मला म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ."

त्यानं मला सांगावं!

१९ फेब्रुवारी

आज सुट्टी. मॅडमना उद्या द्यायची म्हणून यादी नीट लिहायला बसलो. मॅडमनी प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला आहे — गेल्या दीड महिन्यात बाहेर कुठे जेवलात, लग्न, कार्यक्रम, प्रवास. सातही जणांनी "नाही" लिहिलं आहे.

मी सात नावं एकाखाली एक लिहिली. शेवटचं लिहून पेन खाली ठेवलं.

ही सात जणं मी एका ओळीत आधी पाहिली आहेत. बाह्या वर केलेल्या, हातात वरणाच्या बादल्या. अठरा जानेवारीला. आमच्या गावी, जमुनाच्या तेरवीला.

मूर्तिजापूरपासून आत आमचं गाव. चौदा पोरं दोन गाड्या करून आली होती. मी कोणाला बोलावलं नव्हतं. आल्या आल्या पुंजारामच्या हातातली बादली काढून घेतली. "दुःखाच्या घरच्या मानसानं वाढू नये." पुंजाराम माझा धाकटा भाऊ, त्याला कोणी असं म्हणणारं भेटलं नव्हतं, तो बाजूला झाला. सगळं गाव जेवलं, चार पंगती झाल्या. वाढपी शेवटी बसले. तोवर पाण्याचे विकतचे जार संपले होते. कोणीतरी गोठ्याजवळच्या जमिनीतल्या हौदाचं झाकण उचललं आणि ड्रम भरला.

मी ओट्यावर बसलो होतो. मी पाहिलं ते. त्या हौदाचं पाणी ढोरांना आणि धुवायला-सांडायला वापरतो, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी डोक्यात काहीच नव्हतं. शेवटच्या पंगतीला मीही पोरांबरोबर बसलो.

यादी दिली नाही अजून.

२० फेब्रुवारी

पुंजारामला फोन केला.

"गावात कोणाला कावीळ झाली का?"

"नाई बा. काहून?"

सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पूर्ण गाव जेवलं. मी जेवलो, तू जेवला. आपल्याले काई झालं? शहरातले पोट्टे, काईबी खातेत बाहेर."

"कुंदन दवाखान्यात आहे, पुंजा."

"मंग आता काय वहिनीच्या तेरवीचं नाव सरकारी कागदावर लेहून देतं? उद्या लोक काय म्हनतीन — जमुनाच्या तेरवीनं पोट्टे बिमार पाडले? ते गेली बिचारी. तिले कायले वढतं त्याच्यात?"

मला त्याचं पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं. गावात कोणालाच नाही, तर मग तिथलं नसेलच. यादी दिली. मॅडमशी बोललो नाही.

२१ फेब्रुवारी

माणिकबाई अर्ज घेऊन आल्या. मेस केव्हा उघडेल? मी म्हणालो, बघू. चोवीसला कमिटी बसणार आहे. ठेका रद्द करायचा विषय आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतंच.

२२ फेब्रुवारी

मेसचं पाणी चांगलं निघालं. सगळे नमुने.

रेक्टर साहेब म्हणाले, मग स्वयंपाक करणाऱ्यांपैकी कोणाचे तरी हात असतील. सहाही बायांना रक्त तपासायला बोलावलं. रविवार असूनही आरोग्य केंद्राबाहेर पोरंपोरी उभी होती. मी यादी घेऊन टेबलाजवळ होतो. नावं मीच पुकारली. माणिकबाईंनी बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. सुई टोचताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. रागानं नाही. मी खाली पाहिलं.

मी बोललो नाही, तर या सहा बायांची मेस जाते. नाव जमुनाचं वाचतं, आणि ते मी वाचवतो असं मला वाटतंय. जमुना असती तर आज माझ्याशी बोलली नसती.

२३ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी दहाला मॅडमच्या खोलीत गेलो, बसलो, आणि सगळं सांगितलं. हौद, ड्रम, शेवटची पंगत. पुंजारामचं बोलणंही. मॅडमनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "एकूण किती मुलं होती?"

"चौदा."

उरलेल्या सातांना लगेच बोलावून घेतलं. संध्याकाळपर्यंत कळलं, दोघांना आहे, पण लक्षणं नाहीत. त्यांनाही मागच्या खोल्यांत हलवलं. नऊ.

गावात कोणाला का झालं नाही, ते मॅडमनी समजावलं. पहिल्या पंगतींना जारचं पाणी होतं. शिवाय आपल्याकडे खेड्यात ही कावीळ लहानपणीच होऊन जाते, बहुतेकदा कळतही नाही, मग पुन्हा होत नाही. तुम्ही प्यायलात ना तेच पाणी? तुम्हालाही लहानपणी होऊन गेली असणार. ज्या पोरांना झालेली नव्हती, तीच सापडली.

मी विचारलं, "कागदावर काय लिहाल?"

"गाव, तारीख, जमिनीतल्या हौदाचं पाणी. सामुदायिक जेवण. त्याच्यापुढे काही लिहायची गरज नाही." मग म्हणाल्या, "काका, चार दिवस आधी सांगायला हवं होतं." आवाज चढवला नाही. पण सांगितलं. बरं केलं. नुसती समजूत घातली असती तर मला घरी जाववलं नसतं.

२४ फेब्रुवारी

कमिटीनं मेस उघडायला मंजुरी दिली. बायांचं रक्तही ठीक निघालं. रेक्टर साहेबांनी बाहेर येऊन माणिकबाईंना स्वतः सांगितलं. माझं नाव कुठे आलं नाही.

दुपारी पुंजारामचा फोन. मी घाबरतच उचलला. तालुक्याहून आरोग्यवाले आले होते. हौद उपसला. खाली भेग आहे आणि दहा-बारा फुटांवर मागच्या वर्षी बांधलेल्या संडासाचा खड्डा.

"रागावला का रे?" मी विचारलं.

"खुशी बी त्याच हौदाजवळ खेयते, दादा. तोंड लावते बादलीले. चार वर्षांची पोरगी." खुशी त्याची नात. "म्या काल रातभर तुले शिव्या देल्ल्या. आज हौद पाह्यला आन्..." मग म्हणाला, हौद बुजवून टाकतो.

२७ फेब्रुवारी

अकोल्याला जाऊन आलो. कुंदनला परवा घरी सोडलं. त्यांचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. वडील सहदेव फुलं विकतात. खालच्या खोलीत झेंडूच्या टोपल्या, वर राहतात. गल्ली विचारत गेलो. सगळ्या रस्त्यानं मी एकच वाक्य तयार करत होतो.

कुंदन गादीवर बसून फोन पाहत होता. बारीक झालाय, पण डोळे निवळलेत. त्याच्या आईनं चहा दिला. मी कप हातात धरूनच सांगितलं, सहदेवभाऊ, तुमच्या पोराला ही कावीळ माझ्या घरच्या जेवणातून झाली.

सहदेव हार ओवत होते. हात थांबला नाही.

"तेरवीले गेलता तो. मले सांगून गेलता. फोटोले जो मोठा हार होता न, निशिगंधाचा? थो म्याच बांधला होता. कुंदन म्हने, बाबा, चांगला करा, काकूसाठी हाय."

मला तो हार आठवला. कोणी आणला ते मी तेव्हा विचारलंही नव्हतं.

"तुमी पानी देलं, इख नाई देलं," सहदेव म्हणाले. "पन एक सांगतो, राग नका मानू. त्या आठ दिवसांत म्या तुमाले लय बोललो मनातल्या मनात. अशे कशे मानसं, पोट्ट्यायकडे ध्यान देत नाई. आता बोललो थे वापस घेतो. घ्या, चहा थंडा होते."

निघताना कागदात बांधून मूठभर निशिगंध दिला. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा उतरावंसं वाटलं, गावी जावंसं. उतरलो नाही. फुलं इथे अमरावतीला आणली आणि जमुनाच्या फोटोजवळ ठेवली. इतके लोक तिच्यासाठी काही ना काही करून गेले आणि मला माहीतच नाही. आता एकेक कळतंय.

२ मार्च

मेस चालू झाली. शुभम आणि कुलदीपला मॅडमनी खोलीतून सोडलं. अजून तेलकट नाही, तिखट नाही. कुलदीपनं ताटाकडे पाहून विचारलं, "माणिकमावशी, ह्या भाजीले मीठ तरी दाखवलं का?"

"मीठ डब्यात हाय. जाऊन दर्शन घे."

होळीला घरी जाऊ नका म्हटलं तर सगळी इथेच थांबायला तयार आहेत.

५ मार्च

माणिकबाईंची माफी मागायची राहिली होती. दुपारी मेसमध्ये कोणी नव्हतं, त्या पोळ्या करत होत्या. मी म्हणालो, बाई, मला एकोणीसलाच समजलं होतं, तुमचं रक्त घेतलं तेव्हा मी गप्प उभा होतो.

त्या लाटतच राहिल्या. म्हणाल्या, "मले पंधरालेच मालूम होतं."

कुलूप लावलं त्याच संध्याकाळी शुभम त्यांच्या घरी गेला होता. मावशी, हे तेरवीचं पाणी आहे, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, काकांना कळू द्यायचं नाही, कागदावर "नाही" लिहायचं. पण मग तुमची मेस जाईल, म्हणून विचारायला आलो, तुम्ही म्हणाल तसं करू.

"आन् तुमी काय म्हटलं?"

"म्हटलं, चूप राहा. मेस काय, दुसरी पाहू. बाईची तेरवी एकच राह्यते."

तव्यावरची पोळी करपली, तर त्या मलाच रागावल्या.