शिवराम गप्प आहेत म्हणजे तयार आहेत, असं समजू नये

जय भीम.

मी, केशरबाई शिवराम कासारे, वय चौऱ्याहत्तर, राहणार ठाकुर्ली पूर्व, शिक्षण चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मला कोणी दटावलेलं नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टर सलिल यांनी लिहून दिलं आहे. मुलगा कमलेश याने ते वाचून "नक्की ना, डॉक्टर?" असं विचारलं, तेही इथे नोंदवते. वकीलबाई ऋजुता म्हणाल्या, "आजी, थोडक्यात लिहा हं." थोडक्यात लिहायचं असतं तर यांनीच लिहिलं असतं.

यांनी म्हणजे माझे मिस्टर शिवराम यांनी. उखाण्याशिवाय नाव घ्यायची माझी ही पहिलीच वेळ, पण कायद्याला नुसतं 'हे' चालत नाही म्हणे.

कलम पहिलं, खोली. पोळी-भाजी केंद्र चालवून, तव्यापुढे उभं राहून मी ही खोली घेतली आणि ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे हे आहेत तोवर या खोलीत हेच राहतील. त्यानंतर ती कमलेशची मुलगी, माझी नात दर्शना, हिची. तोवर ती कोणीही विकू नये, भाड्याने देऊ नये, बिल्डरला दाखवायलासुद्धा आणू नये. कोणीही म्हणजे कमलेशने.

कमलेश मनाने वाईट नाही. बाळकुमला सतराव्या मजल्यावर राहतो, आणि मी गेल्यावर बापाला तिकडे न्यायचं त्याने ठरवून टाकलं आहे. गेल्या महिन्यात आला आणि म्हणाला, "आई, बाबांशी बोललो. खोली विकायची, ते आमच्याकडे येतील. तयार आहेत ते."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. म्हणजे तयारच ना!"

"अरे शहाण्या, तू जिना उतरलास आणि यांनी खिडकीला नवीन जाळी ठोकायला घेतली. घर सोडून जाणारा माणूस डासांची जाळी बसवतो का रे?"

"मग तोंडाने सांगायचं ना!"

तेवढं सांगितलं असतं तर मला हे लिहावं कशाला लागलं असतं? मी आहे तोवर यांच्या वाटचं बोलायला मी आहे. मी गेले की यांना न विचारता उचलून नेतील, आणि हे चष्मा पुसत लिफ्टमध्ये उभे राहतील. मला तेवढीच काळजी आहे.

म्हणून कलम दुसरं, शिवराम. माणूस कोणाच्या नावावर करता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हटलं, तेवढ्या ओळी माझ्यावर सोडा, मी बघते.

यांचा स्वभाव आता कंपनीनेसुद्धा मान्य केला आहे. म्हणजे यांच्या नाही, दर्शनाच्या. ती कोलशेतला कामाला जाते. एकदा आली आणि म्हणाली, "आजी, ऑफिसात आमच्या स्वभावाची टेस्ट घेतली."

"पास झालीस ना?"

"त्यात पास-नापास नसतं गं." आणि मोबाईलवरून वाचायला लागली. अंतर्मुख आणि व्यवहारी. बोलण्यापेक्षा कामावर भर. अंगावर घेतलेली जबाबदारी पुरी करते. गडबडीत डोकं शांत ठेवते. ऐकीव गोष्टीपेक्षा स्वतः बघून, हाताळून ठरवते. उणीव एकच, मनातलं सांगत नाही.

मी म्हटलं, "अगं बये, हे तर तुझ्या आजोबांचं वाचलंस!" कंपनीला कॉम्प्युटर लावावा लागला, मला नुसता संसार पुरला.

हेसुद्धा कोलशेतलाच एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. यांना काम सांगितलं की परत आठवण करावी लागत नसे, असं सगळे साहेब सांगायचे. साहेब सांगायचे म्हणून मला कळायचं. बढती मिळाली तेव्हा मला ती धुवायला टाकलेल्या युनिफॉर्मचा रंग बदलला त्यावरून कळली! रिटायर झाले तेव्हा स्टेजवर शाल-श्रीफळ देऊन साहेब म्हणाले, शिवराम, दोन शब्द बोला. माईक कधीचा किंचाळत होता. हे उठले, माईकची वायर काढली, सोलून नीट जोडली, माईक साहेबांच्या हातात दिला आणि जागेवर येऊन बसले. टाळ्या कोणाच्याच भाषणाला एवढ्या पडल्या नाहीत.

तर दर्शनाने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. तिचे साहेब तिला टोकतात, मीटिंगमध्ये बोलत जा म्हणून. पोरी, बोलायला जगात माणसं कमी नाहीत, मी आहे, तुझा बाप आहे. अंगावर घेतलेलं पुरं करणारं कोणीतरी लागतं. आजोबांच्या खुणा तुला शिकवायला नकोत, तरी लिहिते. वाटी उपडी ठेवली की पोट भरलं. चष्मा पुसायला लागले की समोरचा चुकतो आहे. घरातच घड्याळ बांधून बसले की त्यांना कुठेतरी जायचं आहे आणि आपली वाट बघताहेत. दवाखाना असो की घर, यांना विचारावं, मग आपण गप्प बसावं, आणि दुसऱ्या दिवशी यांचे हात काय करताहेत ते बघावं. तेच उत्तर. तुम्ही दोघं घुमे एका खोलीत बसलात की भिंतीला कंटाळा येईल, म्हणून कमलेशने दर रविवारी येऊन मोठ्याने गप्पा माराव्यात. तो गुण त्याने माझ्याकडून घेतला आहे. खोलीचा विषय सोडून काहीही बोलावं.

बाकी किरकोळ. मोठा तवा, परात आणि गॅसची शेगडी माझ्या हाताखाली पोळ्या लाटणारी उत्तरा, तिला. गिऱ्हाइकाशी बोलत बसून पोळी करपवू नये, एवढी अट. बँकेत असेल ते यांच्या औषधाला. शेजारच्या कलावतीला माझं इडलीपात्र. ते तिच्याकडेच आहे, तिच्या सम्यकच्या बारशाला नेलेलं. सम्यक आता कॉलेजला जातो. तिने आता लाजू नये. यांच्या हत्यारांच्या पेटीला कोणी हात लावू नये, आवरायलासुद्धा नाही. माझ्यामागे भंतेजींना बोलावून वंदना घ्यावी. भाषणं नकोत, खीर करावी.

वकीलबाई म्हणाल्या, सही करण्याआधी एकदा आजोबांना वाचून दाखवा. काल दुपारी समोर बसवून सगळं वाचलं. हे ऐकत होते. चष्मा पुसला नाही, म्हणजे चूक नव्हती. माझं संपलं, मी कागदांची घडी घातली, तेव्हा म्हणाले,

"आणि तू कुठं चाललीस?"

एवढ्या वर्षांत मला यांच्यापुढे शब्द सापडला नाही असं झालं नव्हतं.  उठले आणि चहा टाकला, दोघांचा.

हे सगळं मी वाचून, समजून, आनंदाने सही करते आहे.

केशरबाई शिवराम कासारे
(सही)

आमच्यासमोर सही केली. सही करताना त्या बोलतच होत्या.
साक्षीदार १. ॲड. ऋजुता (सही)
साक्षीदार २. डॉ. सलिल (सही)

ठिकाण: ठाकुर्ली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५